स्वस्तातलं इंजिन

ताकदीचं इंजिन स्वस्तात बांधायचं तर नव्याच्या नादाला लागू नये. ट्रकचं जुनं आठ सिलिंडरचं घ्यावं, लोखंडी ब्लॉकचं. क्रँक शाबूत असेल तर खालच्या अंगाला हात लावायचा नाही. कॅम बदलायचा, स्प्रिंगा बदलायच्या, हेडची भोकं हाताने घासून मोठी करायची, वर मोठा कार्बोरेटर बसवायचा. झालं. बाकी सगळा भपका. सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, मी वर्षानुवर्षं हेच करत आलोय.

ज्याच्या व्हिसावर आम्ही इथे आलो तो आमचा कफील नबील माणूस वाईट नाही, पण हट्टी. त्याच्या बापाची जुनी अमेरिकन गाडी होती. लांबलचक नाक, दोन दरवाजे, मूळ इंजिन केव्हाच गेलेलं.

"कादिर, ही गरजली की तू सुटीवर. त्याआधी नाही," तो म्हणाला. त्याची लहानगी नात रुकय्या कडेवर होती, तोंडात दुधाची बाटली. ती बाटली काही केल्या सुटत नाही म्हणून घरातले वैतागले होते. तिकडे हर्णैला माझ्या अदिबाचा निकाह ठरला होता. "अब्बा आल्याशिवाय मी कबूल म्हणणार नाही," असं पोरीने मला फोनवर बजावलं होतं. त्यामुळे घाई नबीलपेक्षा मलाच.

तश्लीहमध्ये, भंगारच्या मैदानात, एक पिकअप पडली होती. हायवेवर उंटीण आडवी आली होती म्हणे. पुढचा भाग चेपलेला. रेडिएटरच्या जाळीत केस, सुकलेली चरबी, आणि कसले कसले लगदे. शी! साफ करायला कोणी तयार नाही म्हणून मालक कवडीमोलाने द्यायला निघालेला. इंजिन मात्र खणखणीत.

माझ्याबरोबर काम करणारा दापोलीचा इस्मत लांबच उभा राहिला. "कादिरभाय, राहू दे रे. ती दुभती होती. बघ, जाळीवर पांढरं सुकलंय."

"तू कधीपासून उंटांचा डॉक्टर झालास?" मी म्हणालो आणि इंजिन उचललं.

डिझेलने धुतलं, पेट्रोलने धुतलं, वास जाईना. आंबूस, कोमट वास. नखांत बसला. खुबूसचा तुकडा तोंडाशी नेला की आधी तो वास यायचा, मग भाकरीचा. मी नाक मुरडत काम केलं, पण काम चोख केलं आणि इंजिन नबीलच्या गाडीत बसवलं.

पहिल्या स्टार्टला इंजिन असं गरजलं की शेजारचे टायरवाले टाळ्या पिटत आले. दुसऱ्या सकाळी ते थरथरलं, आचके दिले आणि बंद पडलं. तेलाची पट्टी काढली तर तेल पांढरं, फेसाळ.

यात गूढ काही नाही. गॅस्केट गेली की पाणी तेलात उतरतं, तेल पांढरं होतं. हेड उतरवलं. गॅस्केट धड. ब्लॉकला तडा नाही. नवं तेल भरलं, परत पांढरं. मग आम्ही जुने मेकॅनिक करतो तेच केलं. साधं पाणी की कूलंट, हे जिभेला कळतं, कूलंट गोड लागतं. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

कोमट होतं. इंजिन रात्रभर थंड पडलेलं, आणि ते कोमट होतं. किंचित खारट, किंचित गोड, साय धरल्यासारखं दाट. नबीलच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, हेच मी वाटीने प्यायलो होतो. मी गटारापाशी धावलो आणि पोटातलं सगळं ओकलो.

"काय होतं?" इस्मतने विचारलं.

"दूध."

तो हसला नाही.

दोन-चार दिवसांनी वाळवंटाच्या बाजूने उंटाचं पिल्लू आलं. हाडांचा सापळा, डोळ्यांवर माश्या. ते सरळ आमच्या शेडमध्ये शिरलं, गाडीखाली मान घातली आणि तेलाच्या चेंबरचा बोल्ट चोखायला लागलं. चुप, चुप, चुप. इंजिन तेव्हा चालू होतं, आचके देत होतं. ते शांत झालं. इतकं एकसारखं इंजिन मी जन्मात ऐकलं नव्हतं. पट्टी काढून बघितली तर तेल स्वच्छ, मधाच्या रंगाचं.

मी त्याला हाकललं नाही. हाकलायला हवं होतं. ते काळं-पांढरं मिश्रण चाटायला लागलं की मी तोंड फिरवायचो, तरी रोज त्याच्यासाठी शेड उघडी ठेवायचो.

एका सकाळी ते गाडीखाली मरून पडलेलं दिसलं. पोट फुगलेलं, ओठांभोवती तेलाची काळी कड. त्यानंतर इंजिन सुरूच होईना.

त्याच दुपारी अदिबाचा फोन आला. "अब्बा, तिकीट काढलंत ना?"

"काढतो गं," मी म्हणालो.

आमच्या घरी म्हशी असायच्या. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. मग बाबा त्याच रेडकाचं कातडं सोलायचे, मीठ लावून सुकवायचे, आत पेंढा भरायचे आणि म्हशीपुढे उभं करायचे. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. लहानपणी मला ते बघवत नसे. बाबा म्हणायचे, "फसते बिचारी. पण कातड्याचा वास उडेपर्यंतच. मग लाथ मारते, तिला जिवंत पोर लागतं."

मी सुरी घेतली तेव्हा इस्मत उठला. "तू माणूस आहेस का रे, कादिरभाय?" तो थुंकला आणि निघून गेला.

पिल्लू मी एकट्याने सोललं. मीठ चोळलं, खरवडलं, पत्र्यावर उन्हात टाकलं. माश्यांचा काळा थर बसायचा. सुकल्यावर ते मागच्या सीटवर ताणून शिवलं. किल्ली फिरवली, अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं.

नबील खूश. सीटवर हात फिरवून म्हणाला, "माशाअल्लाह, किती मऊ!" रुकय्याला त्याने मागे बसवलं. तिने गाल कातड्याला लावला आणि बाटली खाली टाकून दिली.

बोलायला हवं होतं. पण तिकीट माझ्या खिशात होतं.

अदिबा कबूल म्हणाली तेव्हा मी समोर बसलो होतो. सगळे म्हणाले, बाप वेळेवर पोचला, अल्लाचा करम. बायकोने शेवया घातलेलं दूध पुढे केलं. मी पेला तसाच बाजूला सरकवला.

तेवढ्यात फोन वाजला. नबीलचा आवाजी मेसेज. हसत होता.

"कादिर, काय इंजिन बांधलंस! फक्त हल्ली एक गंमत झालीये. रुकय्या मागे बसल्याशिवाय सुरूच होत नाही. आणि ती तरी उतरते कुठे! बाटली सुटली तिची, घरी काही खात नाही, पण बघ कशी गुटगुटीत झालीये. नुसती झोपलेली असते."

त्याच्या बोलण्यामागे इंजिन एकसारखं चालू होतं. मी आवाज मोठा केला. इंजिनाखाली अजून एक आवाज होता. चुप, चुप, चुप.

मग फोटो आला. मागच्या सीटवर रुकय्या गाढ झोपली होती. पोट चांगलंच फुगलेलं, आणि ओठांभोवती काळी कड.