फांदीवरचा पाहुणा

क्योतोच्या पूर्वेकडच्या जुन्या गल्ल्यांतून मी लोकांना हिंडवते. देऊळ, यमाच्या दरबारात उतरणारी विहीर, बेवारस मढी टाकायचे तो माळ, आणि शेवटी गार चहा. ऑगस्टच्या त्या दुपारीही फेरा तसाच होता. मात्र ते पितरांना बोलावण्याचे दिवस होते आणि आमच्या साहेबांनी फर्मावलं होतं, "यंदा नुसतं सांगू नका, करून दाखवा. लोकांना खरं काहीतरी हवं असतं."

म्हणून मी माझ्या मेलेल्या नवऱ्याला परक्या माणसांसमोर बोलावलं. पोटासाठी माणूस काय काय विकतो!

तेत्सुझो हातपंख्यांसाठी बांबूच्या काड्या तासायचा. त्याच्या अंगाला कायम बांबूचा भुसा आणि सरसाचा वास. तो वास घरी कमी आणि सुमिएच्या उदबत्त्यांच्या दुकानात जास्त असायचा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तो गेल्यावर मला रडू आलं, पण मनाच्या तळाशी एक समाधानही होतं. पितर घरी येतात ते बायकोकडे. सुमिएकडे पुजायला त्याच्या नावाची पाटी नव्हती, तसबीर नव्हती, काहीच नव्हतं. मेल्यावर तरी तो माझा, एवढ्या एका गोष्टीवर मी दिवस काढत होते. त्या सकाळीही त्याच्यासाठी वांगी भाजून ठेवूनच निघाले होते.

देवळातली पितरांना बोलवायची घंटा कुणाला दिसत नाही. ती भिंतीआड टांगलेली आहे. भोकातून दोरी बाहेर येते, ती आपल्याकडे ओढायची. नाद वर जात नाही, पायाखाली उतरतो. मी दोरी ओढली. बराच वेळ काही नाही. मग जमिनीखालून कुणी कण्हल्यासारखा आवाज आला आणि माझ्या डाव्या हातातली पाइनची फांदी खाली झुकली.

"जीव या फांदीवर बसतो," मी सवयीने सांगितलं. "फांदी घेऊन सरळ घर गाठायचं. वाटेत कुणाच्या दारात थांबलं, तर पाहुणा तिथेच उतरतो."

हातानो नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते, सगळ्यांची फिरकी घेणारे. ते म्हणाले, "पण बाई, आपण तर दारोदार थांबणार. तुमच्या यजमानांचं कसं व्हायचं?"

"ते जिवंतपणी तरी कुठे सरळ घरी यायचे?" मी म्हटलं.

सगळे हसले. मीही हसले.

सुमिएचं दुकान ठरलेल्या थांब्यांतलं होतं. मला ते टाळता आलं असतं, पण टाळलं नाही. खरं सांगते, मला ती फांदी तिला दाखवायची होती. बघ, कुणाला घरी नेतेय ते.

ती बाहेर आली. केस पांढरे, पाठ वाकलेली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली.

"आलात...?" ती इतकं हळू म्हणाली की मला ते ओठांवरून कळलं.

एवढ्या उदबत्त्यांच्या वासातूनही सरसाचा वास आला. हातातली फांदी हलकी झाली, तिची पानं एकदम वर उठली. वारा नव्हता, तरी दारावरचा पडदा बाजूला सरकला. आत कुणीतरी पायातलं काढून ठेवलं आणि घसा खाकरला. ते खाकरणं मी उभ्या संसारात ऐकलेलं होतं.

"वा, काय बेमालूम जमवलंय!" हातानो म्हणाले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पडद्याजवळ गेले. "घरी वांगी केलीत..." माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला. "चला ना... लोक बघतायत."

सुमिए माझ्याजवळ सरकली. ती मला कायम वहिनीच म्हणायची.

"वहिनी, मी नाही हो बोलावलं... दोरी तुम्हीच ओढलीत."

मी तिथून निघाले. माळाचा रस्ता आला. आता तिथे घरं झाली आहेत, तरी कोपऱ्याकोपऱ्यावर लाल लाळेरी बांधलेले देवाचे दगड आहेत. तिथे मी पाठ केलेली गोष्ट सांगत होते, ज्यांचं कुणीच नव्हतं त्यांची. बोलता बोलता फांदी पुन्हा जड झाली. मघापेक्षा जड. पानांतून गार पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. ओल्या मातीचा वास येत होता, सरसाचा नव्हता.

हातानोंच्या पत्नी माझ्या मागे बघत पुटपुटल्या, "बाई... तुमच्यासोबत कोण आहे?"

मला नियम माहीत होता. कुठल्याही दारात घटकाभर टेकले असते तर सुटले असते. मी तसं केलं नाही. सगळ्यांना नमस्कार केला, फेरा तिथेच संपवला आणि वाटेत कुठेही न थांबता सरळ घरी आले. रिकाम्या हाताने जायची मला लाज वाटली.

फांदी बादलीत ठेवली. वांगी दोन वाट्यांत वाढली. पितरांना निरोप द्यायच्या रात्री त्यांना परतीची वाट दाखवणारी आग समोरच्या डोंगरावर पेटली, तेव्हा मी खिडक्या लावून घेतल्या.

आता हिवाळा आहे. फांदी अजून हिरवी आहे. बादलीतलं पाणी रोज थोडं कमी होतं, मी रोज भरते. रात्री दोन वाट्या वाढते आणि सकाळी दोन्ही घासून ओट्यावर पालथ्या घातलेल्या असतात. कुणी का असेना, ते माझ्याकडे आलं आहे, असं म्हणून मी अंथरुणाला पाठ टेकते.

काल सकाळी ओट्यावर तीन वाट्या होत्या. आला वाटतं, तिला सोडून आला. तेत्सुझोने जन्मात कधी वाटी विसळली नाही, म्हणून मी धावत जाऊन तिसरी उचलून पाहिली. तीही स्वच्छ घासलेली होती.