दादांचा लांब सूर

हे खरं घडलंय. शपथ घेऊन सांगितलं असतं, पण लेकीची शपथ घ्यायची आता माझी हिंमत होत नाही.

गेल्या मार्चमधली रविवारची संध्याकाळ. वेल्ह्यात, पासलीच्या अलीकडे, भाताच्या एका जुन्या गोडाऊनमध्ये पुण्याच्या हौशी मंडळींनी जॅझचा कार्यक्रम ठेवला होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या. खिडकी नाही.

दार एकच.

माझे मिस्टर झुल्फिकार तिथं सॅक्सोफोन वाजवणार होते. भोरमध्ये आमचा लग्नाचा बँड आहे. यांचे आजोबा, दिलावरदादा, तरुणपणी पुण्यातल्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे. नंतर जन्मभर वराती. यांना त्यांनीच शिकवलं. दादांचा एक सूर अजून लोक आठवतात... एका दमात इतका लांब, की ऐकणारा गुदमरायचा.

"जॅझ म्हंजी काय असतंय रं?" गाडीत सासूबाईंनी विचारलं.

"वरातीतनं नवरदेव पळाला की बँडवाले वाजवतात ना अम्मी, ते," हे म्हणाले.

"मग तुज्या वरातीत अम्रीननं पळाय पायजे हुतं," अम्मी माझ्याकडे बघून म्हणाल्या.

आमच्या घरात एक रीत आहे. वाजवणारा गेला की त्याची रीड मोडून कबरीच्या मातीत टाकायची. रीड म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवतात ती पातळ पट्टी. फुंक तिच्यावरून जाते. माणूस गेला की त्याची फुंक मागं ठेवू नये, म्हणून.

दादांची रीड यांनी मोडलीच नव्हती. पेटीत लपवून ठेवली होती.

त्या दिवशी तीच बसवली.

"आज जाणकार लोक आलेत, अम्रीन. दादांना असे कधी मिळाले नाहीत. एकदाच."

मलाही भरून आलं.

दार बंद झालं.

पहिली धून छान झाली. दुसरीत... तो लांब सूर आला.

लोक डोळे मिटून ऐकत होते. दीड वर्षाची महेक माझ्या मांडीवर झोपलेली. मला सवय आहे, तिच्या छातीवर सारखा हात ठेवते.

छाती हलत नव्हती.

सूर थांबला. महेकनं श्वास घेतला.

योगायोग, असं मी मनाला समजावलं.

पुन्हा सूर... पुन्हा छाती थांबली. आता जास्त वेळ.

मी यांच्याकडे पाहिलं. बोटं दाबलेली. पण गाल फुगलेले नव्हते...

हे फुंकतच नव्हते.

माझ्याकडे बघत होते नुसते. डोळ्यांत पाणी. तोंड वाद्यापासून सुटत नव्हतं.

"ही फुंक झुल्फीची न्हाई," अम्मी पुटपुटल्या. "दादांची हाय."

मी महेकला उचलून दाराकडे धावले. तिथं एक कार्यकर्ता उभा होता.

"ताई, एवढी धून संपू द्या. कडी बाहेरून आहे."

"माझं बाळ श्वास घेत नाहीये!"

तो वाकला. नेमका तेव्हाच सूर थांबला, आणि महेकनं श्वास घेतला.

"झोपलीय की शांत," तो हसून म्हणाला.

टाळ्या झाल्या. मग पुन्हा...

ड्रमवाला थांबला. बाकीचेही थांबले. फक्त तो सूर. महेकचे ओठ निळे पडायला लागले. मी ओरडले. गाद्यांनी माझा आवाज गिळला. कुणी वळून पाहिलं नाही.

अम्मी अनवाणीच स्टेजवर चढल्या. यांच्या तोंडातून वाद्य ओढलं, रीड उपसली आणि मोडली.

सूर थांबला नाही.

वाद्य अम्मींच्या हातात... यांचं तोंड मोकळं... आणि सूर चालूच.

"दादा, लेकरू हाय वो ते," अम्मी वर बघत म्हणाल्या. "सोडा तिला."

सूर तसाच.

"तुमचंच हाय. सोडा."

मग महेक रडली.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मोडकी रीड यांनी दादांच्या कबरीशी पुरली. डॉक्टर म्हणतात, मूल ठणठणीत आहे.

पण महेक आता हट्टानं रडते, तेव्हा एकच सूर धरते. सरळ. न थरथरता... लांबत जाणारा.

हे उठून बाहेर जातात. अम्मी जागच्या जागी थांबतात.

मी तिच्या छातीवर हात ठेवते. तिनं श्वास घेतल्याशिवाय मी घेत नाही.