बारापटीतला माणूस

"हे आयकून जो मान डोलवंन, त्याले माही रायफल बक्षीस," चंद्रभाननं सुरुवात केली. "पन कोनी डोलवनार नाई, मले माहीत हाय."

एरवी या वाक्याला तानबाच्या ओसरीवर हशा पिकायचा. आज फक्त शेजारच्या शेतातला प्रेमदास बोलला, "बुढ्या, थापा पुरे. तानबा कुठी हाय तेवढं सांग."

चौथा दिवस होता. आष्टीच्या शिवारात चंद्रभानसोबत गेलेला तानबा परतला नव्हता. गावानं तूर पिंजून काढली, विहिरीत गळ टाकले. तानबाची बायको यशोदाबाई चौकटीला टेकून बसली होती, मुठी आवळून. चंद्रभाननं दुपट्टा कपाळावर आणखी खाली ओढला. ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं होतं.

सगळं सुरू झालं दुर्बिणीपासून. चंद्रभानकडे डुकरं मारायचा परवाना होता, तीनशेपंधराची रायफल होती, नजर तेवढी उरली नव्हती. म्हणून दोघं म्हातारे दोस्त रायफलीवर बसवायची दुर्बीण घ्यायला वर्ध्याला गेले. दुकानदारानं तीन मांडल्या. एक साधी, चारपट जवळ दाखवणारी. एक जाडजूड, लांब पल्ल्याची. तिसरी तीनपटीपासून बारापटीपर्यंत फिरणारी, कुणीतरी परत आणून दिलेली.

"काऊन परत आनली?" तानबानं विचारलं.

दुकानदार उगाच काच पुसत बसला. मग म्हणाला, "हिला डोळा फार जवळ न्यावा लागतो. बार उडाला की मागं येऊन भुवई फोडते."

"साधी घे, चंद्या. डुक्कर मारायचं हाय, चंद्रावरचा ससा नाई."

चंद्रभाननं बारापटीचीच घेतली. घरी आल्यावर तानबानं बायकोला नक्कल करून दाखवली. लाटणं खांद्याला लावलं, डोळा चिकटवला, आणि ठो! भुवईवर अर्धा चंद्र! यशोदाबाईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दुर्बीण लावून पाहायला शेतात गेले. त्यांची जुनी रीत होती. तानबा बाभळीला तेलाच्या डब्याचं झाकण टांगणार, पलीकडच्या बांधाआड आडवा होणार, तिथून पांढरा दुपट्टा हलवणार. तोवर चंद्रभाननं घोड्याला बोट लावायचं नाही. चाळीस वर्षांत ही रीत चुकली नव्हती.

"दुपट्टा हालला," चंद्रभान सांगू लागला. "म्या डोया लावला. तीनपटीवर बाभूळ, झाकन, अन् झाकनापुढं एक मानूस बसेल होता. पाठमोरा. बोटाएवढा दिसे. डोया काढला तं कोनीच नाई."

"तानबाच असंन," प्रेमदास म्हणाला.

"म्या हाक मारली. बांधाआडून त्यानं ओ देल्ली."

प्रेमदास पुढं सरकून बसला.

"मंग म्या दुर्बिनीचं कडं फिरवलं. बारापट. बाभूळ अंगावर आली, काटे मोजून घ्या. झाकन ताटाएवढं. अन् मानूस..." त्यानं करंगळी उभी धरली. "तेवढाच."

त्यानं करंगळी मिटून घेतली.

"मंग त्यानं मान वळवली."

तोंड कुणाचं होतं, हे चंद्रभाननं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"म्या रायफल खाली ठेवली. बार काढला नाई. बांधापाशी गेलो, तं तानबा नाई. दुपट्टा होता. घडी घातलेला."

"मले त्या दिवशी आवाज आल्यावानी वाटे," प्रेमदास हळूच म्हणाला.

"सुतळी बॉम्ब असंन. डुकरं हाकलाले तुमीच तं वाजवता दिवसभर." चंद्रभाननं पिशवीतून झाकण काढून पुढं सरकवलं. "हे पाहा. बार काढला असता तं भोक नसतं पडलं?"

झाकण हातोहात फिरलं. भोक नव्हतं, ओरखडाही नव्हता. प्रेमदासची मान आपोआप डोलली.

चंद्रभान यशोदाबाईकडे वळला. "वहिनी, म्या तवापासून रोज दुर्बिनीतून पाह्यतो. तो तिथंच बसेल हाय. तानबाच हाय. जित्ता हाय. येईन, पाहजा तुमी."

यशोदाबाईच्या मुठी चार दिवसांत पहिल्यांदा सैल झाल्या. ती उठली, आत गेली, पाण्याचा लोटा घेऊन आली.

चंद्रभाननं रिवाजाप्रमाणे लोटा ओठांपासून उंच धरला, मान मागं टाकली आणि पाणी वरून तोंडात सोडलं.

दुपट्टा मागं घसरला.

उजव्या भुवईवर खोक होती. सुकलेली, काळी पडलेली, अर्ध्या चंद्रासारखी.

यशोदाबाईनं एकदा भुवईकडे पाहिलं. मग प्रेमदासच्या हातातल्या कोऱ्या झाकणाकडे.

"खोटं," ती म्हणाली. ओसरीच्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. "भाऊजी, तुमी बार काढला."