तात्यांच्या ट्रॅक्टरपुढे पळणारा ड्रोन

"काठ्या घ्या! बॅटऱ्या घ्या! आज त्या ड्रोनला सोडायचा न्हाय!"

शेळगावात दिवस मावळला की कुंडलिकतात्यांचा आवाज असा चढायचा. चोर ड्रोन उडवून घरं हेरतात, अशी हूल गावोगाव उठली होती आणि ग्रामसुरक्षा दलाचे प्रमुख होते तात्या! रोज संध्याकाळी पश्चिमेला, उसाच्या वर एक झगझगीत उजेड दिसायचा. तेवढ्यावरून तात्यांनी गावातल्या अजितचा ड्रोन आणून धान्याच्या कोठीत कोंडला होता. किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला!

अजित लग्नाचे फोटो काढायचा. उद्या गोरज मुहूर्तावर गावातल्या सोनमताईचं लग्न होतं आणि त्यात त्याचा ड्रोन पहिल्यांदाच उडणार होता. आता तो ड्रोन सकाळी पोलीस चौकीत जाणार आणि अजित गावभर चोर ठरणार! बिचारा तात्यांच्या ओट्यावर नखं खात बसला होता. त्याच्याकडे बघून प्राचीला फार वाईट वाटलं.

"तात्या," ती म्हणाली. प्राची म्हणजे तात्यांची नात, सुट्टीला बारामतीहून आलेली. "अजितदादाचा ड्रोन कोठीत आहे. मग वर कोण उडतंय?"

तात्यांनी काठी आभाळाकडे रोखली. "त्याचा जोडीदार!"

प्राचीचा मामेभाऊ दिग्विजय फिसकन हसला. "तात्या, ड्रोन घरघरतो. ह्यो मुका हाय का?"

"लांब हाय त्यो!"

"तात्या, तो शुक्र आहे!" प्राचीला राहवेना. "बाकीच्या चांदण्या लुकलुकतात, हा बघा कसा स्थिर आहे. ग्रह असाच दिसतो."

"मला शुक्र शिकवती? आगं, पहाटं उसाला पाणी धरायला जातो तवा रोज गाठ पडायची त्याची. शुक्राची चांदणी पहाटंची, उगवतीची! सांजच्याला मावळतीला कशाला तडमडंल ती?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पहाटे पाणी धरणाऱ्या गावाला शुक्राबद्दल कोण शिकवणार!

"मग पकडाच त्याला," दिग्विजय म्हणाला. "घावला तर चौकी. न्हाय घावला तर अजितदादाचा ड्रोन परत!"

"मंजूर!" तात्यांनी ट्रॅक्टरला किल्ली मारली.

ट्रॉलीत काठ्या घेतलेली माणसं, त्यांच्यात प्राची, दिग्विजय आणि शेजारची संस्कृती. धडधडत वरात निघाली पश्चिमेला!

"उसावर हाय!" तात्या ओरडले. ऊस मागे पडला. "कालव्यापलीकडं पळालं बेणं!" कालवा ओलांडला. "आता त्या बाभळीवर!" बाभळही मागे गेली. उजेड होता तिथेच, निवांत. तात्यांनी ब्रेक दाबला.

"अय्या!" संस्कृती म्हणाली. "आपण थांबलो की त्योबी थांबतोय! यष्टीत चांदोबा आपल्यासंगं पळतो ना, तसंच की!"

"बरोब्बर!" प्राचीने टाळी दिली. "जवळची झाडं मागे जातात. खूप लांबचं मागे जात नाही. तात्या, मोरगाव कुठं?"

"पश्चिमेला. बारामतीच्याबी पलीकडं."

"ड्रोन इथं असेल, तर मोरगावातून तो पूर्वेला दिसायला हवा ना?" प्राचीने मोरगावच्या विजयमालामावशीला फोन लावून स्पीकर चालू केला.

"ड्रोन? आमच्याकडंबी हाय की!" मावशी ओरडली. "आत्ताच सगळी गडीमाणसं काठ्या घेऊन पळाली बघ, मावळतीला!"

ट्रॉलीत हशा पिकला. तात्या मात्र हटेनात. "आन् मग पहाटंचा शुक्र कुठं गेला?"

प्राचीने त्यांना ट्रॅक्टरपासून लांब, समोर उभं केलं. "हेडलाइट म्हणजे सूर्य. तुम्ही पृथ्वी. दिग्या, तू शुक्र. पळ सूर्याभोवती!"

दिग्विजय ट्रॅक्टरला फेऱ्या घालू लागला.

"कुठं दिसतोय?"

"कवा दिव्याच्या डावीकडं, कवा उजवीकडं."

"तुमच्या पाठीमागं येतो का?"

"कसा यील? त्यो तर ट्रॅक्टरलाच चिकटलाय!"

"तसाच शुक्रही सूर्याची पाठ सोडत नाही. एका बाजूला असला की सूर्याच्या आधी उगवतो, पहाटे. दुसऱ्या बाजूला गेला की सूर्याच्या मागून मावळतो, संध्याकाळी. चांदणी तीच, पाळी बदलली!"

"कालव्याच्या पाण्याची पाळी बदलती तशी?" तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. समोर तो उजेड हळूहळू खाली सरकला आणि टेकडीमागे मावळला. "घ्या! मी शुक्रावर काठ्या घेऊन आलो व्हय?"

घरी येताच तात्यांनी कोठी उघडून ड्रोन अजितच्या हातात दिला. "चुकलं माझं, लेका. आन् प्राचे, तुमी पोरांनी आज एका पोराचं नाव राखलं. शाब्बास!" अजितच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि मांडवावर घरघर सुरू झाली. लाल-हिरवे दिवे लुकलुकू लागले.

"ड्रोन! ड्रोन!" निमगाव केतकीची वऱ्हाडी मंडळी घाबरून उठली.

"बसा खाली!" तात्या वर न बघताच, ऐटीत म्हणाले. "ड्रोन न्हाय, शुक्र हाय त्यो! आमच्या नातीनं शिकवलंय!"

तेवढ्यात अजितने ड्रोन खाली घेतला. सूंऽऽ करत वारा आला आणि तात्यांच्या फेट्याचा तुरा ताडकन उभा राहिला!

"तात्या," प्राची हसून हसून वाकली होती, "हा मात्र ड्रोनच आहे!"