दुकान आपलंच आहे

लाइट गेली ना? बरं झालं. आता ते मोबाइल खिशात घाला सगळ्यांनी. ए उंदरा, तू पण. तोंडावर उजेड पाडून बसलास तर भूत पहिलं तुलाच ओळखेल.

मी काही पुस्तकातलं सांगत नाही. मला पाटी वाचायची तर बोट लावून लावून वाचावी लागते, मी पुस्तकातलं कुठून आणू? हे घडलं शॉक्याला. शॉक्या म्हणजे माझा दोस्त, वायरमन. विजेचे इतके झटके खाल्ले की नावच ते पडलं. बायकोसुद्धा शॉक्याच म्हणते. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा त्याला. फक्त दिवसा जा. रात्री तो दार उघडत नाही.

तर गेल्या थंडीतली गोष्ट. महिन्याचा शेवटचा रविवार, रात्रीचे दहा वाजून गेलेले. शॉक्या जेवून हात धुतोय तोच फोन. गाद्यांच्या दुकानाचे धाकटे शेठ. म्हणाले, "लगेच ये. गाण्यांचं काम आहे."

गाद्यांच्या दुकानात गाणी कशाला? अरे, तीच तर गंमत. दुकान हे असं लांबलचक. खाली पलंगच पलंग, वर छताला ओळीने स्पीकर. नेटवरून दिवसभर गाणी येत राहतात. त्यांना शब्द नाहीत, नुसतं गुळमुळीत वाजतं. गिऱ्हाईक आत आलं की उभ्या उभ्या जांभया द्यायला लागतं. आणि तीन गाणी झाली की मध्येच एक बाई बोलायची. जाहिरात. "गादी घेण्याआधी आडवं होऊन बघा. लाजू नका. दुकान आपलंच आहे."

ही बाई म्हणजे काकू. दुकानाच्या मालकीण. नवरा लवकर गेला, एकट्यांनी दुकान उभं केलं. जाहिरातसुद्धा स्वतःच बोलल्या, फोनमध्ये तोंड घालून. गाणीवाल्या कंपनीचा एक टाय घातलेला माणूस शिकवायला आला होता. जाहिरात सुरू कधी, किती गाण्यांनी, बंद कधी, सगळं भरावं लागतं म्हणे. काकूंनी भरलं. 'बंद कधी' तेवढं मोकळं ठेवलं.

तो म्हणाला, "काकू, शेवटची तारीख टाका."

काकू म्हणाल्या, "माझी शेवटची तारीख मी टाकू? तू टाक की तुझी आधी!"

तो माणूस पुन्हा आला नाही.

मग पावसाळ्यात काकू गेल्या. गल्ल्यावर बसल्या बसल्याच गेल्या. पण जाहिरातीला शेवटची तारीखच नाही, ती कशी जाणार? तीन गाणी झाली की काकू हजर. आडवं होऊन बघा, लाजू नका. गिऱ्हाइकांना काय ठाऊक? ते आपले हसत हसत आडवे व्हायचे. गल्ल्यावर आता काकूंची पोरगी बसायची, एकुलती एक. तिने तो आवाज कुणाला काढू दिला नाही.

हे धाकटे शेठ म्हणजे काकूंचे दीर. काकू होत्या तोवर दुकानाकडे फिरकले नाहीत. काकू गेल्या तशी रोज फेरी. पुतणीला म्हणाले, "तुला एकटीला काय जमणार? दुकान विकून टाकू. तू सुखाने घरी बस."

पोरगी म्हणाली, "नाही."

मग शेठनी डोकं चालवलं. स्वतःच्या आवाजात नवी जाहिरात बोलून आणली. 'दुकान कायमचं बंद होत आहे हो, राहिलेला माल अर्ध्या किमतीत.' सोमवारी शटर उघडलं की दर गाण्यामागे ती वाजवायची. एकदा लोकांच्या कानात गेलं की दुकान बंद, मग पोरगी बसेल माश्या मारत. आठवड्याभरात स्वतःच किल्ली आणून देईल.

त्यासाठी शॉक्याला बोलावणं.

शॉक्या पोचला तर शटर अर्धं खाली. वाकून आत गेला. शेठ फोन घेऊन उभे. पोरगी गल्ल्यामागे, हाताची घडी घालून.

"तू घरी जा," शेठ तिला म्हणाले.

"तुम्ही जा. दुकान रोज मी बंद करते."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"काका, आवाज करून माणूस मोठा झाला असता ना, तर हा स्पीकर माझा आजोबा असता."

शॉक्याला हसू फुटलं. शेठनी डोळे वटारले. शॉक्या लगेच खाली बसून नसलेली वायर शोधायला लागला.

काम दोन मिनिटांचं. काकूंची जाहिरात पुसली. शेठची घातली. पोरगी जागची हलली नाही. एवढंच म्हणाली, "वाजवा. उद्या मी दारात उभी राहून ओरडून सांगेन, हा माणूस खोटं बोलतोय. माझ्या घशाला वीज लागत नाही."

"लाव रे," शेठ म्हणाले. "ऐकू दे हिला."

गाणं लागलं. गुळमुळीत. संपलं.

मग...

"गादी घेण्याआधी आडवं होऊन बघा."

शेठ शॉक्याकडे बघायला लागले. "पुसली म्हणालास ना?"

"पुसली. हे बघा." फोनमध्ये नव्हतीच. एकटी शेठचीच होती.

"नेटवर राहिली असेल कुठेतरी. काढ ते नेट."

शॉक्याने नेटची वायर उपटली. पुढचं गाणं अर्ध्यात मेलं.

"लाजू नका."

शॉक्याने अँप्लिफायर बंद केला. त्याचा लाल दिवा गेला.

"दुकान आपलंच आहे."

आता आवाज सगळीकडून नव्हता. एकाच स्पीकरमधून होता. पार तिकडच्या टोकाच्या. शेवटच्या पलंगावरच्या.

मग त्याच्या अलीकडच्या स्पीकरमधून... "लाजू नका."

मग त्याच्या अलीकडच्या.

चालत येत होता रे आवाज. पलंगापलंगावरून.

ए! ओरडतोस काय? माझाच हात होता मानेवर. आणि म्हणे भुताखेतांवर विश्वास नाही. सरक, माझ्या मांडीवर बसू नको.

हां. तर शेठ घाबरले, पण हटले नाहीत, ते कबूल करायला पाहिजे. मान वर करून ओरडले, "वहिनी, तुम्ही गेलात! मी स्वतः खांदा दिलाय तुम्हाला!"

शांत.

ट्यूबलाइटची गुणगुण तेवढी.

शांत...

मग बरोब्बर शेठच्या डोक्यावरचा स्पीकर.

"भाऊजी..."

हा शब्द जाहिरातीत नव्हता. कधीच नव्हता.

"भाऊजी... आडवं होऊन बघा."

शेठ पलंगावर बसले. मग पाय वर घेतले. बुटासकट. मग आडवे झाले. सरळ. हात छातीवर. डोळे सताड उघडे.

"लाजू नका."

शॉक्या सांगतो, पुढचे शब्द माझ्या ओठांवर आपोआप आले. आधी त्याच दुकानात वायरी जोडताना दिवसभर तेच तर ऐकलेलं.

"दुकान..."

थांबला आवाज.

थांबला...

"दुकान तिचंच आहे."

बस. शेठच्या घशातून कसलासा आवाज निघाला. शॉक्या शटरकडे धावला, पण शटरला हात लावेना. लोखंड ना ते. त्याला वाटलं, आज झटका बसला तर तो विजेचा नसेल.

आणि पोरगी? पोरगी गल्ल्यामागून बाहेर आली. सगळ्यांना वाटेल रडेल, आई म्हणून हाक मारेल. शॉक्यालाही तेच वाटलं. ती त्या स्पीकरखाली जाऊन उभी राहिली. कमरेवर हात. आणि म्हणाली,

"आई, आता तू पण गप्प बस. काकांना मी बघून घेतलं असतं. दुकान माझं ना? मग इथे बोलणार पण मीच."

अरे, भुताला दम! स्वतःच्या आईच्या भुताला!

स्पीकर खरखरला. थोडासाच. कुणी काहीतरी बोलायला तोंड उघडावं आणि राहू द्यावं, तसा.

मग काही नाही.

शेठ उठले. कुणाकडे बघितलं नाही. वाकून शटरखालून गेले ते गेलेच. फोन पलंगावरच राहिला, तोही न्यायला आले नाहीत, माणूस पाठवला. त्याच्या हाती निरोप, "दुकान तूच बघ." आता त्या रस्त्याने जायची वेळ आली तर पलीकडच्या बाजूने जातात, कानाला मफलर बांधून. उन्हाळ्यात!

सोमवारी सकाळी पोरीने स्वतःची जाहिरात बोलून घातली. जा कधीतरी, ऐका. "बघायचं तर नीट बघा. घाई करू नका. हे दुकान चालू आहे आणि चालूच राहणार." गादी विकते की भांडायला बोलावते, कळत नाही. पण गिऱ्हाईक येतं. काकूंचा आवाज त्यानंतर कुणी ऐकला नाही.

शॉक्या सकाळी उपटलेल्या वायरी लावायला गेला होता. एक वायर मागच्या खोलीतून येते. तिथे नव्या गाद्या भिंतीला उभ्या लावून ठेवतात. कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये, न फोडलेल्या. त्यातल्या एका गादीला खड्डा पडलेला. उभ्या गादीला. कुशीवर झोपलेल्या माणसाचा. डोकं, खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे, सगळं.

पोरीने ती विकली नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, खराब माल दिसतोय, स्वस्तात द्या. म्हणाली, ती रिकामी नाही.

मीही जाऊन बघितली. दिवसा. प्लॅस्टिक धड आहे, कुठे भोक नाही. पण जिथे त्या डोक्याचं तोंड येईल ना, तिथे धुकं धरलंय. बोटाने पुसलं मी. पुसलं जाईना, ते आतल्या बाजूने होतं. मग आपोआप गेलं.

मग परत आलं.

गेलं...

आलं...