यल्लव्वाकडून आलेला डबा

ऐका तर. गेल्या रविवारी नातू विराट नि त्याची नवी बायको नयना व्हाइटफील्डहून आले, आणि मला तळ्यावर न्यायचंच म्हणून बसले. चाळीस वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते. पण नव्या नातसुनेला नाही कसं म्हणायचं?

तळं माणसांनीच खणलेलं, निघालेल्या मातीची मध्ये चार बेटं केलेली. आता तिथं रंगीत होड्या, भाजकी कणसं, पोरांचा गलका. मला नारिंगी जाकिटात असं आवळलं, की दिसले मी दारात आलेलं पार्सल.

"आजी, पोहता येतं का?" विराटनं विचारलं.

"मला बुडताही येत नाही. गप बस."

होडीवाला आप्पाजीसुद्धा हसला. तिसरं बेट दिसलं, तसा मी मात्र होडीचा काठ घट्ट धरला.

याच काठाला आमचं बिऱ्हाड होतं. शेजारी यल्लव्वा. म्हशीसाठी ती टोपलीच्या होडीतून त्या बेटावर जाऊन गवत कापायची. एका सणाला मी तिला डबाभर पुरणाचे कडबू दिले. डबा परत येईना. शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. तिच्या घरात तेवढीही नव्हती, हे मला मागाहून कळलं. नळावर चार बायकांत मी म्हणाले, "डबा गिळलास की काय गं?"

ती हसली. "भरूनच देईन, अक्का."

दुसऱ्या दिवशी ती गवताला गेली नि गारपीट झाली. टोपली तेवढी काठाला लागली. यल्लव्वा नाही, नि घरात डबाही नाही. ते बोलणं तेव्हापासून माझ्या घशात अडकलेलं.

होडी बेटापाशी मंदावली. गलका मागं राहिला. नुकत्या कापलेल्या गवताचा ओला वास आला. आणि आवाज... खस्... खस्...

"आप्पाजी, गवत कोण कापतंय?"

"यारू इल्ल, अक्का. कोणी नाही." त्यानं वल्हं वर धरलं. "तिथं फक्त बगळे..."

आवाज थांबला.

"आजी..." नयना कुजबुजली. "त्या दगडावर डबा आहे." आप्पाजी नको नको म्हणेपर्यंत पोरीनं वाकून उचललासुद्धा. "यावर नाव कोरलंय... सौ. कावेरी. आजी, हे तर तुमचं!"

मला अक्षर कुठं येतं? पण झाकणावरचा पोचा ओळखला. माझ्याच हातून पडला होता, लग्नाच्या वर्षी.

उघडला. आत साखर. काठोकाठ, कोरडी ठणठणीत.

मी हसले, रडलेही. बेटाकडे बघून ओरडले, "पोचला गं यल्लव्वा! चुकलं माझं!" सगळे बगळे एकदम उडाले. घशातलं ते चाळीस वर्षांचं उतरलं बघा.

घरी येऊन त्याच साखरेचा शिरा केला. नयनानं दोनदा मागून घेतला. विराटनं तर कढई खरवडली.

आता रिकामा डबा द्यायचा नाही, म्हणून कडबू तळून ठेवलेत. या रविवारी बेटावर पोचवायचे. उरलेली साखर बशीत काढलीय. सहा दिवस ओट्यावर उघडी आहे. आमच्या बसवनगुडीच्या मुंग्या म्हणजे बंद डब्यात शिरणाऱ्या. पण या बशीपाशी येतात, थांबतात... आणि लांबून वळसा घालून जातात.