तीन वेळा मेलेली मिरवेल

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी सुजय खुर्चीवरून उठला, दोन्ही हात मागे बांधले आणि म्हणाला, "मेली."

माळनाक्याजवळच्या मंगल कार्यालयाच्या पडवीत चाळीसेक माणसं बसली होती. सगळ्यांनी एकदम मृणालीकडे पाहिलं. हजेरीची वही तिच्या मांडीवर होती. पेन हवेतच राहिलं.

"पुन्हा?"

"पुन्हा," सुजय म्हणाला. चेहरा इतका पडलेला, की बघणाऱ्याला दया यावी. मृणालीला आली नाही. ऑगस्टमध्ये एक, सप्टेंबरमध्ये एक आणि आता ही तिसरी. एका माणसाने तिच्या तीन मिरवेली मारल्या होत्या.

पैशांची भिशी असते तशी ही रोपांची भिशी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक रोप आणायचं, एक न्यायचं. कुंडीला चिठ्ठी लावायची – झाड कोणतं, दिलं कोणी, वाढलं कुठल्या मातीत. नाव माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह काढायचं. मग सगळ्यांनी पान चुरगळायचं, हुंगायचं, भांडायचं आणि काय ते ठरवायचं. सुरुवात मात्र हजेरीने. गेल्या वेळी नेलेलं रोप जगलं की मेलं, ते उभं राहून सांगायचं. मेलं असेल तर देणारा आणि नेणारा, दोघांनी बाजूच्या बाकावर पंधरा मिनिटं बसायचं, कुठे चुकलं ते बोलायचं, आणि देणाऱ्याने त्याच झाडाचं दुसरं रोप द्यायचं. याला भिशीत 'विचारपूस' म्हणत.

वही मृणालीकडे आली, कारण ती खासगी लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट करायची आणि तिने लिहिलेल्या आकड्यावर कोणी शंका घेत नसे.

जुलैमध्ये तिने बाबांच्या मिरवेलीची फांदी मुळं फुटवून आणली होती. मिरवेल म्हणजे काळ्या मिरीचा वेल. ही कुवारबावच्या घरामागे फणसावर चढलेली. तिचे घोस इतर मिरीपेक्षा बोटभर लांब, पण जात कोणती ते आजवर कोणाला सांगता आलं नव्हतं. म्हणून चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह.

"नाव माहीत नाही, की सांगायचं नाही?" मागून कोणीतरी विचारलं होतं.

ती वळली. भिजलेला निळा शर्ट, केसांतून पाणी निथळतंय, आणि हात आधीच तिच्या कुंडीवर.

"माहीत असतं तर लिहिलं असतं."

"झाडाचं नाही... तुमचं. देणाऱ्याच्या जागी फक्त 'मृ' लिहिलंय."

"चिठ्ठी भिजलीय," ती म्हणाली. "बाकीचं धुऊन गेलं."

"मग मी 'मृ' एवढंच म्हणू?"

"काहीच म्हणू नका. रोप न्या आणि जगवा."

सुजय पावसचा. पंप दुरुस्त करायचा. गोळपपासून पूर्णगडपर्यंतच्या बागांतून त्याची मोटारसायकल फिरायची. हे सगळं तिला विचारपुशीच्या बाकावर कळलं. पहिल्या वेळी तो बोलला कमी, ऐकत राहिला जास्त. दुसऱ्या वेळी तिने त्याला फांदीचा डोळा कसा ओळखायचा ते दाखवलं. त्याने तिचं बोट पाहिलं, डोळा पाहिलाच नाही. तिसऱ्या वेळी मात्र ती चिडून बसली होती.

"कशी मेली? नीट सांगा. पानं आधी पिवळी झाली की एकदम गळाली?"

"एकदम... गळाली."

"बुडाशी देठ काळा पडला होता?"

सुजयने क्षणभर विचार केला. "हो. काळा पडला होता. चिघळल्यासारखा."

मृणालीने मनात हिशेब जुळवला. तिन्ही रोपं एकाच वेलीची, आणि तिन्हींची लक्षणं बुडापासून कुजवणाऱ्या मर रोगाची. म्हणजे रोग मूळ वेलीतच. ती त्याला प्रश्न विचारत राहिली, तो उत्तरं देत राहिला, बोलणं मिरीवरून समुद्रावर गेलं, समुद्रावरून आणखी कुठे कुठे... उठली तेव्हा पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली होती. आणखी रोप मात्र तिने दिलं नाही.

घरी जाऊन तिने बाबांना, विनोदरावांना, सांगितलं. शेजारच्यांची पोफळीची बाग होती, तिथे मिरवेली होत्या. रोग जमिनीतून तिकडे गेला असता. विनोदराव फणसाखाली बराच वेळ उभे राहिले. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच ती वेल कुठूनशी पिशवीत घालून आणली होती.

"तू तपासलंस ना?"

"तीन वेळा, बाबा."

"मग झालं. तू म्हणतेस म्हणजे असेलच."

बुधवारी दोघांनी वेल मुळासकट उपटली आणि अंगणाच्या कडेला जाळली. जळताना तिखट वास आला, दोघांनाही शिंका आल्या. कोणी हसलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सुजय आला नाही. कुठल्याशा बागेत पंप बंद पडला होता. खुर्शीदखाला मात्र आल्या. खाला पावसच्याच, वय सत्तरीचं, भिशीतल्या सगळ्यांच्या कुंड्यांत एकदा बोट घालून माती बघणाऱ्या.

"काय गो मृणाली, तोंड का पाडून बसलीस? तुझ्या मिऱ्या तर मस्त चढल्यात!"

"कुठल्या मिऱ्या, खाला?"

"सुजयच्या पोफळींवरच्या. काल माझा पंप बघायला बोलवायला गेले त्याला, तर तीन पोफळी, तिन्हींवर वेल. पयली माझ्या कमरेपर्यंत आलीय. म्हटलं, कोणाच्या रे? तर लाजतो कसा मेला... म्हणे, मृणालीच्या."

मृणालीने वही मिटली. ती कधी अर्ध्यातून वही मिटत नसे.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तिची स्कूटर भाट्याच्या पुलावर होती. बारा वाजायच्या आत ती सुजयच्या अंगणात उभी होती. तो नुकताच आलेला, हाताला ग्रीस, पायरीवर बसून चहा पीत होता. तिला पाहून तो उठला आणि कप कलंडला.

"दाखव," ती म्हणाली.

त्याने काही विचारलं नाही. घरामागे नेलं. ओळीने तीन पोफळी. पहिलीवर वेल कमरेपर्यंत, दुसरीवर गुडघ्यापर्यंत, तिसरीवर जेमतेम वीतभर. प्रत्येकीला काथ्याने अलगद बांधलेलं, बुडाशी सुक्या पानांचं आच्छादन. चिठ्ठ्यासुद्धा होत्या. त्यांवर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असं असतं तर कदाचित तिने सहन केलं असतं. पण त्यांवर होतं: पहिली भेट, दुसरी भेट, तिसरी भेट.

"बुडाशी काळी पडली होती ना रे?"

"ते... मोबाईलवर वाचलं होतं. मिरवेल कशी मरते ते. तुम्ही इतकं बारीक विचारता, काहीतरी खरं वाटेल असं सांगायला नको?"

"का पण? का?"

सुजयने ग्रीसचे हात पँटला पुसले. "जगली असं सांगितलं असतं तर तुम्ही बरोबरची खूण केली असती आणि पुढचं नाव घेतलं असतं. मेली म्हटलं की पंधरा मिनिटं मिळायची. तुमच्याशी बोलायला मला दुसरा रस्ता सुचला नाही. आवडता तुम्ही मला. जुलैपासून."

"आवडते, मग तोंड नव्हतं? फोन नव्हता? माणसं सरळ विचारतात! तू माझ्या वहीत खोटं लिहून घेतलंस. माझ्या हाताने!"

"पहिल्यांदा 'तू' म्हणालात."

"रागाने म्हणाले!" तिचा आवाज चिरकला. "वेल जाळली आम्ही. मूळ वेल. तुझ्या त्या चिघळलेल्या देठावर विश्वास ठेवून. बाबांनी बावीस वर्षं सांभाळलेली वेल त्यांनी स्वतः उपटली, कारण मी म्हटलं तीन वेळा तपासलंय म्हणून!"

सुजयच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. या वेळी तो पडलेला चेहरा उसना आणलेला नव्हता. मृणालीला फरक दिसला आणि तो दिसल्याचाही राग आला.

"म्हणजे आता... या तीनच?" तो हळू म्हणाला.

"तीनच."

"घेऊन जा. आत्ता काढून देतो."

"हात लावू नकोस! भर वाढीत मुळं दुखावली तर मरतील. खरोखरच." तिने हेल्मेट घातलं. "रोज सकाळी प्रत्येक वेलीची पानं मोजायची आणि मला आकडा पाठवायचा. आकडाच. त्यापुढे एक शब्द नको. आणि आता एकदा जरी खोटं बोललास ना, तर फांद्या घेईन आणि तुझं तोंड बघणार नाही."

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला: "३१, १९, ५." त्यापुढे एक शब्द नव्हता. मंगळवारी "३१, २०, ५." बुधवारी "३२, २०, ५." मृणाली रक्ताच्या नळ्या लावता लावता ते वाचायची. शुक्रवारी मेसेज साडेसातपर्यंत आला नाही, तेव्हा तिने फोन तीन वेळा उघडून पाहिला आणि स्वतःवरच चिडली. बाबांना तिने काही सांगितलं नव्हतं. आधी वेली जगतात हे सिद्ध होऊ दे. पुन्हा एकदा चुकीचं सांगायची तिची हिंमत नव्हती.

दुसऱ्या सोमवारी आकडे आले: "३३, २२, ४."

तिने ते दोनदा वाचले आणि सरळ फोन लावला.

"चार कशी?"

"एक पान पिवळं होऊन गळलं."

"भेटायचंय म्हणून गळलं का?"

"असं वाटणार हे माहीत होतं. म्हणून पाचच लिहिणार होतो. मग वाटलं, ते खोटं झालं असतं," तो म्हणाला. "येऊ नका हवं तर. काय करायचं तेवढं सांगा."

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

तिसऱ्या वेलीशी ती गुडघ्यांवर बसली. बोटाने माती अलगद बाजूला केली. देठ हिरवा होता, पण मातीला लागून मोहरीएवढा एक डाग. काळा म्हणावा की तपकिरी, ते उन्हात ठरेना.

"पाणी किती घालतोस?"

"रोज. भरपूर."

"अरे पंपवाल्या! मिरवेल आहे ती, भात नाही!"

त्याने खाली मान घातली, पण ओठांचा कोपरा हलला. तिचाही हलला असता. तिने तो आवळला.

बुरशी मारणारं बोर्डो मिश्रण करायचं ठरलं. मोरचूद त्याने शेजारून आणलं, चुना घरात होता. दोघांनी दोन बादल्यांत कालवलं. मोरचुदाचं निळं पाणी त्याने चुन्यात बारीक धारेने ओतलं, ती काठीने ढवळत राहिली. आभाळासारखा रंग झाला. तिने कोयतीचं टोक त्यात बुडवून वर काढलं. तांबूस थर दिसला.

"आणखी चुना," ती म्हणाली. "नाहीतर पानं करपतील."

पुढच्या वेळी कोयती स्वच्छ निघाली. त्याने बादली उचलायला हात घातला, तिनेही घातला. कडीवर चार बोटं एकमेकांवर आली, निळी, ओली. कोणी काढली नाहीत.

"मी अजून रागावलेय," मृणाली म्हणाली.

"दिसतंय."

"तू तिन्ही भिशींत खोटं बोललास."

"हो."

"आणि ऑक्टोबरात..." तिने बादलीकडे पाहिलं. "ऑक्टोबरात पंधराची पन्नास मिनिटं झाली होती. वहीत मी पंधराच लिहिली. घड्याळ बघितलं होतं मी."

सुजयने हसू दाबलं आणि बादली उचलली. शहाणपणा केला.

तिन्ही वेलींच्या बुडाशी त्यांनी मिश्रण ओतलं. हात धुताना मृणालीचा फोन वाजला. बाबा.

"लॅबमध्ये फोन केला, तर रजा म्हणाले. कुठे आहेस?"

"पावसला, बाबा. आपली वेल आहे इथे. जिवंत. आपण उगाच जाळली... मला चुकीचं सांगितलं गेलं, आणि मी तपासायला इथवर आले नाही. घरी आल्यावर सगळं सांगते."



"किती आहेत?"

"तीन. दोन चांगल्या आहेत. तिसरीचं सांगता येत नाही."

"कधी कळेल?"

"आठ दिवस तरी लागतील."

"चुकीचं कोणी सांगितलं?"

मृणालीने मागे पाहिलं. सुजय दोन पावलांवर उभा होता, सगळं ऐकत, निळ्या हातांनी. त्याने फोनसाठी हात पुढे केला.

"मी सांगतो," तो म्हणाला.

तिने फोन दिला. सोमवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी सुजयने "काका, नमस्कार," असं म्हटलं. त्यानंतर तो सव्वीस मिनिटं फोनवर होता, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं फक्त विनोदराव बोलत होते. तिसऱ्या वेलीवर त्या वेळी चार पानं होती.